जुना टर्बो गेला कशाने?

सेमिनारला मी विषय घेतला १९८५ साली आलेल्या पोर्शे ९४४ टर्बोचा. म्हटलं, जुना टर्बो काढायचा, मोठा बसवायचा, झाली पॉवर! सरांनी एकच विचारलं, "जुना गेला कशाने?" मी गप्प.

उत्तर बहुतेक वेळा तेलात असतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. गाडी दामटून लगेच बंद केली की तेल थांबतं आणि बेअरिंगमधल्या तेलाचा जळून कोळसा होतो. म्हणूनच या गाडीत बेअरिंगभोवती पाणी खेळवलंय. इंजिन बंद झाल्यावरही इलेक्ट्रिक पंप ते फिरवतो.

तेव्हा क्रम असा : आधी शाफ्टचा प्ले तपासा, तेलाची नळी साफ करा किंवा बदला. मग नवे बेअरिंग-सील, रोटरचं बॅलन्सिंग. स्टार्टर मारण्याआधी टर्बोत तेल घाला. मोठा टर्बो सगळ्यात शेवटी. हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, नाहीतर पिस्टन वितळतो.

चोंदलेल्या नळीवर नवा टर्बोही टिकत नाही. एम-थ्रीत केटी लागली तेव्हा मी फक्त नवं जाडजूड पुस्तक घेतलं होतं. परत केटी!