सूर्य सरकतो, चुंबक सरकत नाही म्हणे!

दक्षिणेच्या खिडकीत सूर्य मावळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. पाथर्डी फाट्याला, चौथ्या मजल्यावर, माझ्याच घरात. पाडव्याच्या आठवड्यातली संध्याकाळ होती. बायको नव्या ओट्यापाशी पोळ्या करत होती, एका हाताने डोळ्यांवर आडोसा धरून. "अहो, काय हे ऊन, तव्यावरची पोळी दिसत नाही," ती म्हणाली आणि माझा चहा हातातच राहिला. वास्तूवाल्या सरांच्या कागदावर ती खिडकी दक्षिण होती, आणि त्या कागदापायी माझे १ लाख ४० हजार रुपये गेले होते.

सातपूरला एका कारखान्यात मी २२ वर्षं मेंटेनन्सला आहे. चुंबकावर चालणारे सेन्सर बदलणं हे माझं रोजचं काम. म्हणून ही हकीकत कारखान्यात अजून कोणाला सांगितलेली नाही.

सरांना मेहुण्याने आणलं. बायकोचं पित्त, मुलाची बारावी, नेहमीचंच. सर आले, खिशातून पुस्तकासारखं उघडणाऱ्या कव्हरमधला फोन काढला, कव्हरची झडप मागे दुमडली आणि फोन ओट्यावर ठेवला. शेजारी मिक्सर, पलीकडे फ्रिज. "अग्नी ईशान्येला आहे," ते म्हणाले. सासूबाईंनी लगेच कपाळाला हात लावला. मी म्हणालो, "सर, या खिडकीतून रोज सकाळी ऊन येतं. तुम्ही तिला उत्तर म्हणताय." त्यावर ते हसले. ते हसू मला अजून आठवतं. म्हणाले, "साहेब, सूर्य सरकतो, चुंबक सरकत नाही."

काय बोलणार? घरात बहुमत त्यांच्याकडे. मी पहिल्याच दिवशी बोललो होतो, एवढं नोंदवून ठेवतो. आज विचारलं तर घरात कोणालाच आठवत नाही.

सरांच्या सांगण्यावरून स्वयंपाकघर हलवायचं ठरलं. मागची बाल्कनी बंद केली, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन ओढली, ओटा घातला. सोसायटीची नोटीस आली ती वेगळीच. तिला उत्तर देण्यासाठी मंजूर नकाशा काढला, तर त्यावरचा उत्तरेचा बाण आणि सरांचा बाण यांच्यात काटकोन! म्हणजे आमचं जुनं स्वयंपाकघर मुळात आग्नेयेला होतं, जिथे ते त्यांच्याच शास्त्राप्रमाणे असायला हवं. ते उचलून मी पैसे देऊन नैऋत्येला नेलं.

झालं काय, ते दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या टेबलावर कळलं. मुलाचं तसलंच एक जुनं कव्हर नेलं होतं. फोन नुसता ठेवला तेव्हा दिशा बरोबर. कव्हरात घालून झडप मागे दुमडली, झडपेतलं चुंबक फोनच्या पाठीला टेकलं, आणि काटा गर्रकन फिरला. मग फोन टेबलावर पूर्ण गोल फिरवला, तरी आकडा जेमतेम हलला. तेव्हा आठवलं, सरांच्या फोनवरही आकडा असाच चिकटून बसला होता. मी तो पाहिला होता! प्लांटमध्ये एखाद्या सेन्सरने असं केलं असतं तर मी आधी त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघितलं असतं.

फोनमधला सेन्सर उत्तर ओळखत नाही. तो जिथे आहे तिथलं एकूण चुंबकक्षेत्र मोजतो. एडविन हॉल याने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली आणि वर्खाला चुंबक लावलं. वाहता विद्युतभार एका कडेला ढकलला गेला आणि दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज आलं. ते व्होल्टेज मोजलं की चुंबक किती जोरात आहे ते कळतं. हॉल सेन्सर म्हणतात तो हाच, फक्त वर्खाऐवजी अर्धवाहकाची चिप. फोनमध्ये तीन दिशांना तीन मापं घेणारी चिप असते. काहींत चुंबकाने विजेचा रोध बदलणाऱ्या धातूचा थर असतो. पृथ्वीचं क्षेत्र नाशिकला ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या दरम्यान, आणि फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक जवळून याच्या शंभरपट भरतं. कुजबुज ऐकायला बसवलेल्या माणसाच्या कानाशी ढोल वाजवल्यासारखं आहे ते. त्यातही गंमत अशी की क्षेत्र भरमसाट झालं तरी बाण दिसायचा तसाच दिसतो. बंद पडणारं यंत्र परवडलं.

कारखान्यात असेच चुंबक ओळखणारे स्विच आणि सेन्सर दिवसभर आमच्या कामी येतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक सिलिंडरच्या पिस्टनला चुंबकाचं कडं असतं, बाहेर ॲल्युमिनियमच्या नळकांड्यावर रीड स्विच. काचेच्या नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या. चुंबक जवळ आलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि मशीन चालवणाऱ्या पीएलसीला कळतं की पिस्टन पोचला. दोन सिलिंडर फार जवळ बसवले की शेजारच्या चुंबकानेही स्विच लागतो. वेल्डिंगची केबल बाजूने गेली तरी कधी कधी लागतो. नवीन पोरं लगेच "सेन्सर गेला" म्हणून बदलून टाकतात. सेन्सर गेलेला नसतो. गाडीच्या एबीएसमध्ये चाक किती फिरलं, इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये कोणत्या गुंडाळीला आता वीज द्यायची, लॅपटॉपचं झाकण मिटलं की नाही, सगळीकडे हीच जात. पेसमेकरमध्येसुद्धा चुंबक ओळखणारा भाग असतो. म्हणून मागे चुंबक असलेला फोन छातीच्या खिशात ठेवू नका, असं डॉक्टर बजावतात. माझ्या मामांना मी ते पाठ करायला लावलंय.

सरांना फोन केला. आधी म्हणाले, नकाशावरचा बाण बिल्डर कसाही काढतो. मग म्हणाले, तुमच्या इमारतीतलं लोखंड दोषी आहे. लोखंडाने काटा हलतो हे माहीत होतं, तर लोखंडी सळयांच्या स्लॅबवर फोन ठेवून दिशा का सांगितलीत, असं विचारल्यावर आवाज येईनासा झाला. त्यानंतर माझा नंबर त्यांच्याकडे लागतच नाही.

ज्यांना खरोखर चुंबकक्षेत्र मोजायचं असतं ते काय करतात? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. ट्राम १९०७ मध्ये धावल्या, पण त्याआधीच, १९०४ मध्ये, वेधशाळेच्या डॉ. नानाभॉय मूस यांनी ते काम अलिबागला नेलं. इमारत लोखंड टाळून बांधली आणि काही काळ दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्याचा मेळ बसावा. आणि आमचे सर मिक्सर बाजूला करायला तयार नव्हते.

बरं, चुंबक सरकत नाही हेही खोटंच. पृथ्वीचा उत्तर चुंबकीय ध्रुव गेल्या काही दशकांत वर्षाला ४०-५० किलोमीटर वेगानेही सैबेरियाकडे सरकलेला आहे. नाशिकला त्याने आपलं काही बिघडत नाही, इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. पण बोलायचं म्हणून बोलू नये ना माणसाने.

तुमच्याकडे कोणी फोन घेऊन दिशा सांगायला आलं, तर आधी कव्हर काढायला लावा. फोन हवेत इंग्रजी आठ काढल्यासारखा फिरवून घ्या. मग आडवा धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्या; आकडा शून्यापासून ३६० पर्यंत सगळीकडून गेला पाहिजे. चुंबकक्षेत्राचा आकडा दाखवणारं फुकट ॲप मिळतं, त्यात शंभर मायक्रोटेस्लाच्या वर काही दिसलं तर पुढचं बोलणंच नको. ओटा, कॉलम, लिफ्ट यांच्यापासून लांब, खाली मोकळ्या जागेत तीन ठिकाणी माप घ्या आणि तिन्ही जुळतात का बघा. अंजनेरी-ब्रह्मगिरीवर जाणाऱ्यांनी होकायंत्र कातळावर ठेवू नये. आपला काळा बेसॉल्ट स्वतःच थोडा चुंबकीय असतो. आगाऊ पैसे देऊ नका, लेखी घ्या, वगैरे तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं. आणि २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सकाळी खिडकीत उभे राहा, सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. त्याला कव्हर नसतं.

जुना ओटा परत बांधायला सध्या पैसे नाहीत. नव्या ओट्यावरच्या त्या "दक्षिणेच्या" खिडकीला बांबूची चटई लावली आहे. साडेचारशे रुपये पडले. मेहुणा म्हणाला, महाग पडली.