डबा टीव्हीला प्लेस्टेशन: खर्च किती, पदरात काय?

दिवाळीत भाचा सॅकमध्ये प्लेस्टेशन ४ घेऊन गावी आला. आजीच्या घरी २१ इंची डबा टीव्ही; मागे पिवळी, पांढरी, लाल भोकं, एचडीएमआयचा पत्ता नाही. बाजारातून ५५० रुपयांचा कन्व्हर्टर आणला, तीनदा जोडला, तरी पडदा निळाच. शेवटी डबीवरची अक्षरं चष्मा लावून वाचली. दुकानदाराने ‘एव्ही टू एचडीएमआय’ दिला होता. हवा होता ‘एचडीएमआय टू एव्ही’. दिसायला दोन्ही जुळे भाऊ, पण सिग्नल एकाच दिशेने जातो. दुसऱ्या दिवशी बदलून आणला आणि चित्र आलं.

अशी फेरी वाचवायची तर आधी टीव्हीची पाठ बघा. २०१३ मध्ये आलेले प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन, नंतरचा निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन ५ या सगळ्यांतून चित्र फक्त एचडीएमआयने बाहेर पडतं. प्लेस्टेशन ३ पर्यंत पिवळ्या पिनची सोय होती, ती संपली. खाली दिलेले भाव ढोबळ आहेत; शहर आणि दुकानाप्रमाणे फरक पडेल.

टीव्हीला एचडीएमआय आहे: सुरुवातीच्या बऱ्याच एलसीडी टीव्हींना ते असतं. कन्सोलच्या खोक्यातली केबल लावा. खर्च शून्य.

फक्त पिवळी-पांढरी-लाल भोकं: एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर ४०० ते ८००, एव्ही केबल ६० ते १५० रुपये. कन्व्हर्टरला ५ व्होल्टची वीज लागते. मोबाइलचा जुना चार्जर किंवा कन्सोलचाच यूएसबी पोर्ट चालतो. म्हणजे ५०० ते ९५० रुपयांत काम. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी नुसती केबल दीड-दोनशेला मिळते. ती घेऊ नका. आत चिप नसेल, तर डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग होणार कसा?

फक्त अँटेनाचं भोक: कन्व्हर्टरनंतर आरएफ मॉड्युलेटरही लागतो, आणखी ५०० ते १,००० रुपये. माळ्यावर चालू व्हीसीआर असेल तर त्याच्या एव्ही इनमध्ये पिना घाला आणि अँटेनाची वायर टीव्हीला द्या. मॉड्युलेटरचे पैसे वाचतील.

जुना कॉम्प्युटर मॉनिटर: एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर ३०० ते ६०० रुपये. आवाजाचं भोक असलेलाच घ्या, कारण व्हीजीएमधून आवाज जात नाही.

जोडताना

टीव्हीवर ‘एव्ही इन’ आणि ‘एव्ही आउट’ दोन्ही असू शकतात, पिना ‘इन’मध्ये. आवाजाचं एकच भोक असेल तर नुसती पांढरी पिन लावल्यास उजव्या बाजूचा आवाज हरवतो. ३०-५० रुपयांचा वाय जोड घेऊन पांढरी-लाल एकत्र करा. चित्र काळंपांढरं दिसलं किंवा वरखाली फिरू लागलं तर कन्व्हर्टरवरचं बारीक बटण एनटीएससीवरून पालवर सरकवा. आपल्याकडचे टीव्ही पालचे.

पडदा काळाच राहिला तर प्लेस्टेशन पूर्ण बंद करा. मग पॉवरचं बटण दुसरा बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोड उघडेल. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा आणि रिझोल्यूशन बदला. अर्थात काळ्या पडद्यावर यादी दिसणार नाही, म्हणून हे काम शेजारच्या एचडीएमआय टीव्हीवर उरकून घ्या. गेम चालतो पण चित्रपटाचं ॲप चालत नाही, असं झालं तर कारण एचडीसीपी हे कॉपी-संरक्षण असू शकतं. सेटिंगमध्ये ते बंद केलं तरी गेम चालतात, चित्रपटाची ॲप चालत नाहीत.

काहीही झालं तरी डबा टीव्हीची पाठ उघडू नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये धोकादायक विद्युतदाब शिल्लक राहू शकतो.

पदरात काय पडतं

फुल एचडी चित्रात २० लाखांहून अधिक ठिपके असतात. पाल टीव्हीच्या चित्राचा हिशेब जेमतेम ४ लाखांचा. त्यात पिवळ्या पिनच्या एकाच तारेतून रंग आणि उजेड एकत्र येतात, म्हणून अक्षरांच्या कडा पाझरतात. भाच्याचा फुटबॉल रंगला, पण कोपऱ्यातला स्कोअर वाचायला त्याला पडद्यापाशी उठून जावं लागे. रुंद चित्र चौकोनी पडद्यात दाबलं गेल्याने खेळाडूही बारीक-उंच झाले. कडा कापल्या जात असतील तर सेटिंगमधून दिसणारा भाग आत ओढता येतो; दाबलेलं चित्र मात्र टीव्हीतच १६:९ ची सोय असेल तरच सुटतं. गाड्यांच्या शर्यती, मारामारी, फुटबॉल निभावतं. पानभर संवाद वाचावे लागणाऱ्या खेळांचा नाद सोडा. स्विच असेल तर टीव्हीची खटपटच कशाला? हातातल्या पडद्यावर चित्र जास्त स्पष्ट.

माझा हिशेब

सुट्टीच्या चार दिवसांसाठी हजाराच्या आतला कन्व्हर्टर वसूल होतो. मॉड्युलेटर धरून खर्च दीड-दोन हजारांकडे जायला लागला की थांबा. अडीच ते चार हजारांत एचडीएमआय असलेला जुना २२ इंची मॉनिटर मिळू शकतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. काहीही घ्या, बिल मागा, डबीवरची दिशा वाचा आणि शक्य असेल तर दुकानातच जोडून बघा. माझे दुसऱ्या फेरीचे एसटीचे पैसे गेले, ते या हिशेबात धरलेले नाहीत.