बोलणं कमी, भावना कमी नाहीत

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. चार-पाच शब्दच बोलतो. शाळेत राग आला की मुलांना ढकलतो. 'आधी बोलू दे, मग वागणं शिकवू,' असं घरचे म्हणतात. चित्रं दाखवून शिकवलं तर बोलणं राहूनच जाईल का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, बोलण्यासाठी थांबू नका. चित्रांमुळे, खुणांमुळे बोलणं अडत नाही. काही मुलांचे शब्द उलट वाढतात. ढकलणं ही सध्या त्याची भाषा आहे. तिला पर्याय द्या. 'राग आला', 'मदत हवी', 'माझी पाळी' अशी चित्रकार्डं करा. तो शांत असताना तुम्हीच कार्ड दाखवून बोला, "दूध सांडलं, मला राग आला." त्याने कार्ड दाखवलं की लगेच दाद द्या. सापशिडी खेळताना पाळीची सवय लावा. हीच कार्डं शाळेतल्या बाईंनाही द्या.

नजरेला नजर देण्याची सक्ती नको. शिक्षा म्हणून कार्डं काढून घेऊ नका. वागणं अचानक बिघडलं, तर दात, कान, पोट दुखत नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या. श्रवणचाचणी राहिली असेल तर तीही करा. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. सुरुवात एकाच कार्डाने करा, पण आजच करा.