समन्स परत पाठवल्याने कर्ज फिटत नाही

अंगुत्तर निकायातील इण सुत्तात तथागतांनी कर्जदाराच्या दुःखाच्या पायऱ्या क्रमाने सांगितल्या आहेत. दारिद्र्य, कर्ज, व्याज, तगादा, पाठपुरावा आणि शेवटी बंधन. आजच्या व्यवहारात तगादा आणि बंधन यांच्या मध्ये आणखी एक पायरी येते, ती म्हणजे न्यायालयाचे समन्स. येथे सावध झाले तर पुढचे बरेच टळते. परंतु बँकेच्या नोकरीत मी पाहिले आहे की, आपली माणसे नेमकी याच पायरीवर तोंड फिरवतात.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षक बांधव माझ्याकडे आले. नातेवाइकाच्या कर्जाला त्यांनी जामीनदार म्हणून सही दिली होती. नातेवाइकाने हप्ते थकवले आणि दोघांवर दावा लागला. बेलीफ दोनदा घरी आला, तेव्हा "घरी नाहीत" असे सांगण्यात आले. तिसऱ्यांदा त्यांनी समन्स घेण्यास चक्क नकार दिला. कागद घेतलाच नाही तर खटला चालणार कसा, अशी त्यांची समजूत होती. पुढे पगाराच्या जप्तीचा हुकूम शाळेत पोहोचला, तेव्हा त्यांना कळले की खटला केव्हाच निकाली निघाला आहे.

कायदा काय सांगतो? दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ प्रमाणे प्रतिवादीने समन्स नाकारले तर बेलीफ त्याची प्रत घराच्या दारावर चिकटवतो आणि न्यायालयाला तसा अहवाल देतो. समन्स योग्य रीतीने बजावले गेले, अशी न्यायालयाची खात्री झाली की तारखेला गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध काम एकतर्फी चालते. वादी आपले कागद दाखल करतो. त्याला उलट प्रश्न विचारणारा कोणी नसतो. भरलेला हप्ता खात्यात जमा दाखवला नसेल, व्याज जास्त लावले असेल, तरी ते सांगणार कोण? मग मुद्दल, व्याज आणि दाव्याचा खर्च यांचा हुकूमनामा होतो. त्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते.

हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जरोखे जाळले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे आले की, सावकारांचे बहुतेक दावे एकतर्फीच निकाली निघत होते. न्यायालय दूर होते, अक्षरओळख नव्हती आणि जाऊन उपयोग नाही अशी निराशा होती. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशावरच कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासण्याची जबाबदारी टाकली. तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि त्या वेळचे अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता, आपल्या वऱ्हाडासाठी नव्हता. आज तो अस्तित्वात नाही. आता हिशेब तपासून मागायचा तर आपणच हजर राहिले पाहिजे.

हजर राहण्याचा सर्वांत मोठा लाभ हप्त्यांचा आहे. हुकूमनामा करतेवेळी योग्य कारण दिसल्यास न्यायालय स्वतःच्या अधिकारात रक्कम हप्त्याने भरण्याची सवलत देऊ शकते. हुकूमनामा झाल्यानंतर मात्र त्यासाठी धनकोची संमती लागते. म्हणजे जी गोष्ट आधी न्यायाधीशांकडे मागता आली असती, ती नंतर सावकाराच्या किंवा बँकेच्या मर्जीवर जाते.

हुकूमनाम्यानंतर दरखास्त दाखल होते आणि मालमत्तेवर, बँक खात्यावर किंवा पगारावर जप्ती येते. पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सर्वसाधारणपणे सुरक्षित असतात. उदाहरणार्थ, हिशेबात धरला जाणारा पगार ३१,००० रुपये असेल तर दरमहा १०,००० रुपये कापले जाऊ शकतात. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि मजुराची मजुरी यांना कायद्याने संरक्षण आहे. मात्र जप्ती आल्यावर तो हक्क सांगायलाही न्यायालयात जावेच लागते.

तुरुंगाची भीती पुष्कळांना घरात दडवून ठेवते. केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता आले नाही म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात स्पष्ट केले. ऐपत असून बुडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. परंतु न वटलेल्या धनादेशाचा खटला फौजदारी असतो. तेथे गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते. तसेच पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळू शकतो. ती नोटीसही दुर्लक्षू नये.

तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि सभासदांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात व घरीही सांगाव्यात.

१. समन्स घ्यावे. सही करणे म्हणजे कर्ज कबूल करणे नव्हे. तारीख आणि न्यायालयाचे नाव लिहून ठेवावे.

२. लेखी कैफियत साधारणतः तीस दिवसांत द्यावी. भरण्याच्या पावत्या आणि खातेउतारा जवळ ठेवावा.

३. एखादी तारीख चुकली तरी पुढच्या तारखेला जाऊन कारण सांगावे.

४. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करावा. समन्स मिळालेच नसेल तर ही मुदत हुकूमनामा कळल्यापासून धरतात. नुसते "मला माहीत नव्हते" पुरत नाही, सबळ कारण दाखवावे लागते.

५. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला जवळ ठेवावा. यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा आपल्या तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

६. लोकअदालतीत तडजोड करताना झेपेल तोच हप्ता कबूल करावा. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

त्या शिक्षक बांधवांचा पगार पुढे बरेच महिने कापला जात राहिला. शेवटी ते मला म्हणाले, "भाऊ, पहिल्याच तारखेला गेलो असतो तर निदान हप्ता तरी मी सांगितला असता." कर्ज घेणे हा गुन्हा नाही आणि न्यायालयात उभे राहण्यात कमीपणा नाही. आपल्या बाजूने बोलणारे पहिले माणूस आपणच असतो. तेच गैरहजर राहिले तर न्याय तरी कोणाला विचारणार?