नर्सिंगचे शिक्षण, वॉर्डातील ड्यूटी आणि घर

आपल्या तुडील व खाडीपट्ट्यातील वाड्यांमधून बारावी झालेल्या मुली आता नर्सिंगकडे वळू लागल्या आहेत. गुणगौरव समारंभात आपण त्यांना गुलाबपुष्प देतो, टाळ्या वाजवतो. हे योग्यच आहे. परंतु त्याच मुलीचे लग्न झाल्यावर, किंवा लग्न झालेली सून शिकू लागल्यावर, घरात काय चालते याकडे आपले लक्ष जात नाही. आम्ही बँकेतील कारकून. वैद्यकाचे ज्ञान आम्हांस नाही. पण घरात एक परिचारिका घडताना आम्ही पाहिली आणि त्यात आमच्या हातून चूकही झाली, म्हणून हा लेख.

प्रथम हे शिक्षण कसे असते ते पाहू. जी.एन.एम. हा अभ्यासक्रम पूर्वी साडेतीन वर्षांचा होता, नव्या रचनेत तो तीन वर्षांचा झाला. कॉलेजात जाऊन व्याख्याने ऐकली की झाले, असे येथे नसते. वर्गात शरीररचना शिकायची आणि वॉर्डात जाऊन प्रत्यक्ष रुग्णाची सेवा करायची, त्यात रात्रपाळीही येते. परीक्षेला बसण्यासाठी वर्ग व प्रात्यक्षिक दोहोंत किमान ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकाचे तास तर शंभर टक्के भरून दिल्याखेरीज पदविका हाती पडत नाही. म्हणजे मुलाला ताप आला म्हणून चुकलेली ड्यूटी माफ होत नाही, ती पुढे भरून द्यावी लागते. ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगत नाही.

हा प्रश्न आजचा नव्हे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. त्या काळी हे काम हलके समजत. पुढे १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. संख्या थोडी, त्यामुळे असलेल्यांवर ओझे फार. अनेक रुग्णालयांत तुटक पाळी असे. सकाळी चार तास काम, मधे सुट्टी, सायंकाळी पुन्हा काम. कागदावर तास आठच, पण दिवस सगळा गेला. १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने सलग पाळी, आठवड्यास ४० तास, निवासाची सोय आणि मुलांसाठी पाळणाघर अशा शिफारशी केल्या. शिफारशी होऊन इतकी वर्षे झाली, तरी पाळणाघर म्हणजे बहुतेक घरी आजीच!

आता आमच्या घरचे. आमची धाकटी भावजय ए.एन.एम. होती, खाजगी दवाखान्यात काम करीत असे. लग्नानंतर, मुलगा दोन वर्षांचा असताना, तिने जी.एन.एम.ला प्रवेश घेतला. भाऊ एम.आय.डी.सी.तील कारखान्यात पाळीने कामाला. महाडात भाड्याच्या खोल्यांत आम्ही सगळे एकत्र राहत होतो. भाऊ रात्रपाळी करून आला की आई पोरांना अंगणात हाकलीत असे, "बाप झोपलाय" म्हणून रेडिओ बंद होई. भावजय रात्रपाळी करून आली की तिच्या हाती दळणाचा डबा जाई. दोघेही रात्रभर जागेच, पण हा फरक आमच्यापैकी एकालाही दिसला नाही.

एका रविवारी आम्ही मंडळाची बैठक घरी ठेवली. ती सकाळी नवाला ड्यूटीवरून आली होती. आम्ही तिला पंधरा माणसांचा चहा-पोहे करायला सांगितले. तिने केले. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता आणि त्या विषयात ती नापास झाली. निकाल कळल्यावर आम्ही म्हणालो, "घर सांभाळून जमत नसेल तर कशाला हा खटाटोप?" ती काही बोलली नाही. रात्री तिने पुस्तके बांधून माळ्यावर टाकली.

आमच्या आईला अक्षर ओळखता येत नसे. सकाळी तीच आम्हांला म्हणाली, "तिचं दळण मी आणीन. तू तुझा चहा तुझ्या हातानं कर." पुस्तके भावाने खाली काढली.

त्यानंतर वॉर्डात असते तसे ड्यूटीचे पत्रक भावजयीनेच तयार केले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. नाईट असेल त्या आठवड्यात सकाळी दहा ते तीन तिला कोणी उठवायचे नाही. त्या दिवसांत मुलाला बालवाडीत सोडणे भावाकडे, त्याची दिवसपाळी असेल तर आमच्याकडे. परीक्षेच्या महिन्यात पाहुणे नाहीत. गावाकडच्या जत्रेचे, लग्नाचे निरोप आले तर नकार आईने द्यायचा, सुनेने नव्हे. हे शेवटचे कलम फार उपयोगी पडले, कारण आईला नावे ठेवायची कोणाची छाती नव्हती. आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. एकट्याच्या भरवशावर तिजोरी ठेवीत नाहीत. घर मात्र आपण एकीच्याच पदराला बांधतो.

महाडच्या मातीत वाढलेल्यांनी बाबासाहेबांच्या दोन गोष्टी येथे लक्षात घ्याव्यात. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. (आज पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ती २०१७ च्या दुरुस्तीने. मात्र ती नोकरीतील स्त्रीला मिळते, शिकणारीला नव्हे.) दुसरी गोष्ट, १९४६ साली सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थी नोकरी करणारे होते. नोकरी सोडा असे त्यांनी सांगितले नाही, घड्याळ बदलले. विनयपिटकाच्या महावग्गात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत, तसे रुग्णाचेही पाच सांगितले आहेत. सेवा घेणाऱ्यालाही कर्तव्य असते, हे आम्हांला घरातच पटले.

पैशाचे थोडे सांगतो, कारण हे आमच्या टेबलावरचे काम. नर्सिंगच्या मान्यताप्राप्त पदवी-पदविकेला शैक्षणिक कर्ज मिळते. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि परतफेड अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा. मात्र प्रवेशापूर्वी शाळेची मान्यता स्वतः तपासावी. फी भरल्यावर विचारायला येणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले. मान्यता नसलेल्या शाळेतून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय नोकरी नाही.

भावजय त्या विषयात पुढच्या खेपेस पास झाली. आता ती स्टाफ नर्स आहे. भाऊ डाळ-भात बरा करतो, भाकरी मात्र अजून जाड होते. कर्जाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासंबंधी काही अडचण असल्यास विद्यार्थिनींनी व त्यांच्या सासरच्यांनीही मंडळाच्या मासिक बैठकीत आम्हांस भेटावे.