घोड्याच्या डोळ्यातील बुरशी : वेळीच ओळखा, चुकीचे औषध टाळा

रस्त्यावरील टांगे कमी झाले, तरी घोड्याचे काम संपलेले नाही. मेंढपाळ धनगर बांधवांचे बिऱ्हाड आजही घोड्याच्या पाठीवरून हलते. माथेरानात कित्येक कुटुंबांचा चरितार्थ घोड्यावर चालतो, आणि मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा जनावराचा एक डोळा गेला की त्याची किंमत उतरते व कामही घटते. हे नुकसान पुष्कळदा टाळता येण्यासारखे असते.

रोग कसा जडतो?

घोड्याचे डोळे मोठे व डोक्याच्या दोन्ही बाजूंस पुढे आलेले असल्यामुळे त्यांस इजा लवकर होते. डोळ्याच्या दर्शनी भागावर काचेसारखे स्वच्छ पटल असते. त्यास पारपटल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम १ मिलिमीटर भरते. अ‍ॅस्परजिलस, फ्युजेरियम इत्यादी बुरशींचे बीजाणू धुळीत, मातीत व बुरसटलेल्या वैरणीत असतात. निरोगी घोड्याच्या डोळ्यातही ते सापडतात. पटलाचा वरचा थर अखंड असेपर्यंत त्यांचे काही चालत नाही. परंतु गवताचे कुसळ, बाभळीचा काटा, चाबकाचा फटका किंवा तोबऱ्यातील भुसा यांमुळे पटलावर ओरखडा उठला, की बुरशीस आत शिरण्यास वाट मिळते. उष्ण व दमट हवेत हा धोका वाढतो.

लक्षणे

डोळ्यातून सतत पाणी गळते, उजेड सहन होत नाही व पापणी अर्धवट मिटलेली राहते. दोन्ही डोळे समोरून ताडून पाहावेत. निरोगी डोळ्याच्या वरच्या पापणीचे केस जवळजवळ आडवे, बाहेरच्या दिशेस असतात. दुखऱ्या डोळ्याचे केस खाली झुकलेले दिसतात. पुढे पटल निळसर-धुरकट होऊन त्यावर पांढरा वा पिवळसर ठिपका दिसतो. लोक यास ‘फूल पडले’ म्हणतात. जुना व्रण भरून आल्यावरही असा डाग राहतो. परंतु डोळा दुखत व गळत असेल तर तो जुना डाग न समजता चालू व्रण समजावा.

सर्वांत मोठी चूक

घरात उरलेले किंवा दुकानातून आणलेले थेंब डोळ्यात घालणे, ही ती चूक होय. घोड्यास डोळ्याच्या आतील दाहाचा एक रोग वरचेवर होतो. त्यावर स्टेरॉइडयुक्त औषध देतात व ते गुणकारी असते. बाहेरून पाहता हा दाह आणि बुरशीचा व्रण सारखेच वाटतात. मात्र तेच औषध व्रण असलेल्या डोळ्यात पडले, तर शरीराची प्रतिकारशक्ती तेथे दबते आणि बुरशी फोफावते. लाली कमी झाल्याने मालकास उतार पडल्यासारखे वाटते व आत पटल विरघळत जाते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बाटलीवरील नाव वाचण्याची सवय लावावी. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन वा प्रेडनिसोलोन यांपैकी नाव आढळल्यास ते औषध डॉक्टरांनी तपासल्याखेरीज घालू देऊ नये.

तपासणी व उपचार

पशुवैद्यक डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा रंग घालतात. व्रण असेल तेथे पटल हिरवे दिसते. व्रणाचा अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशीचे तंतू ओळखता येतात. नंतर नाटामायसिन किंवा व्होरिकोनाझोल यांसारखे बुरशीनाशक दर काही तासांनी घालावे लागते. उपचार कित्येक आठवडे चालतो. घोडा डोळा उघडू लागला म्हणून तो मध्येच थांबवू नये. वेदना कमी करण्यासाठी अ‍ॅट्रोपिन देतात. त्याने आतड्यांची हालचाल मंदावून पोटशूळ उठण्याचा संभव असतो. म्हणून घोडा लीद नेहमीप्रमाणे टाकतो की नाही, याकडे मालकाने लक्ष द्यावे. व्रण खोल असल्यास शस्त्रक्रियाही करावी लागते.

डॉक्टर येईपर्यंत

१. घोड्यास सावलीत, धूळ नसलेल्या जागी बांधावे.
२. डोळा घासू देऊ नये.
३. पापणी जोर लावून उघडू नये. दाबाने खोल व्रण फुटू शकतो.
४. मीठ, तुरटी, मध, तंबाखू किंवा कसलीही पूड डोळ्यात घालू नये.
५. त्याच दिवशी दवाखान्यास कळवावे. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

प्रतिबंध

बुरसटलेली वैरण देऊ नये. भुसा व कोरडी वैरण पाणी शिंपडून द्यावी. तोबरा रोज झटकून स्वच्छ करावा. तबेल्यातील खिळे व तारांची टोके काढून टाकावीत. झापडांच्या कडा डोळ्यास घासत नाहीत ना, हे पाहावे. माश्यांच्या दिवसांत कपाळावर झालर बांधावी.

खरारा करताना रोज दोन्ही डोळे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. डोळा पाणावला त्याच दिवशी तपासणी झाली, तर तो वाचण्याची आशा बरीच असते. पटल विरघळू लागल्यावर मात्र खर्च वाढतो आणि डोळा वाचेल याची शाश्वती उरत नाही.