जुन्या फियाटला मोठी बॅटरी लावावी का?

प्रश्न : आमच्याकडे १९७२ची प्रीमियर प्रेसिडेंट आहे, बाबांनी घेतलेली. रात्री सेवाग्रामहून वर्ध्याला जाताना गाडी कुठे थांबली की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो आणि हेडलाइट पिवळे पडतात. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. मिस्त्री म्हणतो, आता मोठी टाका. टाकावी का? (एक वाचक, सेवाग्राम)

उत्तर : टाकू नका. बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. तुमच्याकडे तुटवडा आहे तो तयार होणाऱ्या विजेचा.

त्या काळच्या फियाटला डायनामो असायचा. आता हिशेब पाहा. ४५ वॉटचे दोन हेडलाइट, छोटे दिवे आणि इग्निशन कॉइल मिळून दीडशे वॉटच्या घरात जातात. १२ व्होल्टला हे झाले साडेबारा अँपिअर. पळत्या गाडीत डायनामो एवढे सहज देतो; इंजिन मंदावले की जवळपास काहीच देत नाही. बॅटरी उलट डायनामोतच रिकामी होऊ नये म्हणून कटआउट दोघांना तोडतो, आणि तुमचा लाल दिवा लागतो. वर्धा तुमच्याकडून आठेक किलोमीटर. रात्रीच्या एवढ्याशा फेरीत खर्च झालेले भरून निघत नाही. बॅटरी कायम अर्धवट राहते, प्लेटांवर सल्फेट धरते आणि मरते. मोठीही तशीच मरेल, जास्त पैसे घेऊन.

खर्च करण्याआधी फुकटातली कामे उरका. टर्मिनल घासा, इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी काढून स्वच्छ करा, फॅनबेल्ट ताणा, डायनामोचे कार्बन ब्रश पाहा. मग बॅटरीवर मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट आणि रेस दिल्यावर १४च्या आसपास दिसले, तर डायनामो ठीक आहे. गाडी फक्त दिवसा काढणाऱ्याने इथेच थांबावे.

तुम्ही रात्री चालवता, म्हणून तुम्हाला अल्टरनेटर हवा. डायनामोत सगळी वीज फिरत्या आर्मेचरमधून आणि ब्रशांतून बाहेर येते, त्यामुळे त्याला फार जोरात फिरवता येत नाही. अल्टरनेटरमध्ये वीज स्थिर गुंडाळीत तयार होते. ब्रशांतून जातो तो फक्त चुंबकापुरता थोडा प्रवाह. लहान पुली लावून तो कितीतरी वेगाने फिरवता येतो, म्हणून उभ्या गाडीतही चार्जिंग सुरू राहते. ३५ ते ४५ अँपिअरचा पुरे. मारुती ८००चा चालतो, सुटे भागही सहज मिळतात. ब्रॅकेट मात्र नीट करून घ्या. पुली एका रेषेत नसतील तर पट्टा खाल्ला जातो. अल्टरनेटर ते बॅटरी ही वायर नवी आणि जाड हवी. जुन्या वायरीवर तो जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. लाल दिवा काढू नका, बहुतेक अल्टरनेटर त्यातूनच जागे होतात. कटआउटची जोडणी मात्र सोडवावी लागेल. जोडण्याआधी निगेटिव्ह बॉडीला आहे ना, हे स्वतः तपासा; जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो आणि उलट जोडणीत डायोड तत्क्षणी जळतात.

वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ गाठतो. तेव्हा बॅटरीतले पाणी वारंवार पाहा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. चार्जिंग १४.८च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बदला.

शेवटचे, पण महत्त्वाचे. तुमच्या गाडीने पन्नाशी ओलांडली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार अशी मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. तुम्ही ती रोज चालवता, तेव्हा घाई नको. मात्र मुलांना पुढे तसे करावेसे वाटले, तर मूळ भाग हाताशी हवेत. डायनामो, कटआउट आणि जुने ब्रॅकेट तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका.